काकूंच्या बादलीतलं स्वच्छ पाणी

जबलपूर, बुधवार

तीर्थस्वरूप गुणवंतमामांना समिधाचा साष्टांग नमस्कार. (तीर्थरूप फक्त बाबांना लिहायचं म्हणे, आईनं आत्ताच खोडायला लावलं. इंग्लिश मीडियममध्ये हे कोण शिकवते?) गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक, माझं एमएससीचं प्रोजेक्ट सोडून.

प्रोजेक्ट असं, की लाकूड चिरायच्या आरामशीनवर जो भुसा पडून असतो, तो ॲसिडमध्ये भिजवून, धुवून वाळवला की पाण्यातला रंग ओढून घेतो आणि पाणी साफ होते. मी सिहोऱ्याहून बसनं दोन पोती भुसा आणला (कंडक्टर म्हणे, दीदी, भैंस पाली है क्या). आठ दिवस खपून एक पोतं तयार केलं, गच्चीवर वाळत घातलं आणि कॉलेजला गेली. परत येऊन पाहते तर शेजारच्या प्रतिमाकाकू मंडळाच्या गणपतीच्या रांगोळीसाठी तोच भुसा बादल्यांमध्ये रंगवून राहिल्या होत्या. आईनंच दिला होता, इतका स्वच्छ भुसा काहून वाया घालवायचा म्हणून. मी रडणारच होती, तर काकूच माझ्यावर चिडल्या, "काय गं, किती रंग पिते हा तुझा भुसा! तीन पुड्या संपल्या, अन् पाणी पाहा, जसंच्या तसं."

मी वाकून पाहिलं, मामा. बादलीचा तळ दिसून राहिला होता. इतकं साफ पाणी मला लॅबमध्येही कधी मिळालं नव्हतं. (काकू अजून सगळ्यांना सांगतात की भुसा खराब निघाला.)

धावत जाऊन माझ्या गाइडना, योगेंद्र सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "रंग भी आपका, पानी भी आपका. इसमें नदी का क्या भला हुआ?" आता महिन्याभरात खऱ्या कारखान्याचं पाणी साफ करून दाखवायचं, नाही तर विषय रद्द. त्या पाण्यात मीठ असते, सोडा असतो, अजून काय काय असते. माझा भुसा तिथे हरूही शकतो. पण इथे नदीच्या ग्वारीघाटावर लोक डोळे मिटून ओंजळभर पाणी पितात, ते पाहिलं की वाटते, हरला तरी कळायला तर हवं.

चलो, बाकी सगळं छान. मामींना नमस्कार.

तुमची
समिधा

ता. क. तुमच्या साड्या रंगवायच्या कारखान्यामागे जी नाली आहे, तिचं दोन कॅन पाणी मिळेल का? आपला अतुलदादा पुढच्या शुक्रवारी नागपूरहून इकडे येऊनच राहिला आहे, त्याच्याजवळ द्या.

आणखी एक ता. क. आईला सांगू नका. तिनं बजावलं होतं, हे मागू नको, मामाला वाटेल भाची चौकशी करून राहिली. कॅनवर मी फक्त 'नागपूर' लिहीन.

शेवटचं. कॅन भरायला माणूस नका पाठवू, मामा. स्वतः भरा.