सर घरी नाईत

१२ जानेवारी २००२
निकेश विभागप्रमुख झाला! याच घरी माह्या हातचं जेवून ह्यांच्याजवळ शिकला तो पोरगा. आता ह्यांच्याच डोक्यावर बसला. काऊन, तर त्याची पीएचडी झाली अन् ह्यांची नाई. हे त्याचा पेढा खाऊन आले. वरून मले म्हणतात, "आपलाच पोरगा मोठा झाला, तू राग काऊन करते?" आपला म्हणे!

१३ जानेवारी
डोकं अजून तापूनच आहे. कॉलेजात चारच कम्प्युटर होते, त्या खोलीबाहेर चपला काढा लागत, तेव्हापासून हे शिकवून राह्यले. अकरा वर्षं! पोरांचे प्रोजेक्ट ह्यांनी सुधरवाचे, त्यायच्या बापांले ह्यांनी समजवाचं, नोकरीचे अर्जबी ह्यांनीच लिवाचे. अन् सोताचा प्रबंध सहा वर्षांपासून पेटीत. दवाखान्यातल्या पेशंटची माहिती कम्प्युटरात कशी ठेवाची, एवढंच तर आहे त्यात!

४ फेब्रुवारी
विद्यापीठाचं पत्र आलं — ३१ मार्चपर्यंत प्रबंध द्या, नाई तर नाव रद्द. ह्यांनी दोन महिने सुट्टी घेतली. मी सांगून टाकलं, आता दारात मी उभी राहीन.

७ फेब्रुवारी
चार पोरं आली. चारही वापस. "सर नागपूरले गेले." हे आतल्या खोलीत लिवत होते. फोनचा रिसीव्हरबी काढून ठेवला.

१ मार्च
रक्षा आलती. आर्वीची पोरगी, शेवटच्या वर्षाची. "काकू, प्रोजेक्टवर सरांची सही पाह्यजे. फक्त एक सही." फक्त! सगळ्यांले फक्तच पाह्यजे असते. म्हटलं, नाईत घरी.

५ मार्च
पुन्हा रक्षा. "निकेश सर म्हणतात, गाइडचीच सही लागते. दुसऱ्याची चालत नाई." म्हटलं, "मंग त्यालेच विचार न, मोठा साहेब आहे तो!" पोरीचं तोंड उतरलं. उतरू दे. माह्या नवऱ्याचं उतरलेलं तोंड कोणाले दिसलं?

११ मार्च
आज रक्षा आर्वीच्या एस.टी.तून उतरून सरळ आमच्या घरीच. घामानं भिजलेली. "काकू, आज शेवटची तारीख आहे. सही नाई झाली तं परीक्षेले बसू देत नाईत. बाबा म्हणतात, मंग घरी ये, लग्न करून टाकू."
असं रडगाणं लय ऐकलं मी. ह्यांच्या प्रबंधाचा शेवटचा धडा लिवणं चालू होतं. उठले असते तं दिवसभर हिच्यामागं ऑफिसात पळाले असते. वळखत नाई काय मी!
"नागपूरलेच आहेत," म्हटलं.
"कधी येतील?"
"मले नाई माहीत."
फाटकाजवळ उभीच राह्यली. मी पडदा ओढला.

२८ मार्च
प्रबंध दिला! तीन दिवस आधी! शिरा केला. हे म्हणाले, "तू होती म्हणून झालं." अकरा वर्षांत पह्यल्यांदा असं बोलले.

६ एप्रिल
हे कॉलेजातून लाल होऊन आले. रक्षाची परीक्षा बुडाली. बापानं आर्वीले नेलं, लग्नासाठी जागा पाहून राह्यला.
"माह्याकडे एकदाबी आली नाई! एकदा! सही मागाले काय हत्ती लागते? मस्तवाल पोरगी!"
पोरांवर हे कधीच असे चिडले नव्हते.
मी कणीक मळत होती. मळतच राह्यली.