रिकामी चौकट

सोमवार, ३
लागली बाई एकदाची नोकरी. ताईचीच खुर्ची, ताईचीच खिडकी. तीन वर्षांत ती कंटाळली आणि मला इथे चिकटवून मोकळी झाली. काम मजेचं आहे. जुन्या, विसरलेल्या लिप्यांचा फॉन्ट नसला की ब्राउझर अक्षराच्या जागी रिकामी चौकट दाखवतो. आम्ही शिलालेखांच्या फोटोंवरून अक्षर रेखाटायचं, फॉन्टमध्ये घालायचं, पान पुन्हा उघडायचं. अक्षर उमटलं की त्याखाली आपलं नाव टाइप करायचं आणि कागद छापून फाइलला लावायचा. ही साहेबांची शिस्त. साहेब बोलतात कमी, चहा ढोसतात फार. फावल्या वेळात ही रोजनिशी इथेच टाइप करीन म्हणते.

बुधवार, ५
पहिलं अक्षर दिसलं. खाली लाडात येऊन 'ठमी' असं घरचं नाव टाकलं. वाटलं, साहेब रागावतील. उलट खूश झाले. म्हणाले, हाक मारायचं नाव लवकर लागू पडतं. म्हणजे काय, ते नाही सांगितलं.

सोमवार, १०
अकरा अक्षरं झाली. शेजारच्या टेबलावरच्या बाई मला रोज नव्याने विचारतात, आपण कोण. आधी हसले. पण आज आईला फोन केला तर तिनेही विचारलं, कोण बोलतंय. ठमी म्हटल्यावर जरा थांबली, मग हां हां म्हणाली. ते हां हां फार लागलं.

गुरुवार, १३
ताईची फाइल काढली. पहिल्या कागदांवर तिचं नाव धड आहे. मग नावातल्या एकेका अक्षराच्या जागी चौकट. शेवटी नुसत्या चौकटी. तीच पानं आज स्क्रीनवर उघडली तर नाव पूर्ण दिसतं.
गेल्या वर्षी मी सगळ्यांना सांगत होते, मी एकुलती एक. मग गेल्या महिन्यात एका अनोळखी बाईने या नोकरीचा अर्ज आणून दिला. सही केली, आणि आठवलं, ही तर माझी ताई.

शुक्रवार, १४
ताईला गाठलं. मान खाली घालून म्हणाली, आई मला बाजारात न ओळखता पुढे निघून गेली होती गं. खुर्चीत घरचंच माणूस बसवलं तर सुटका होते, असं साहेबांनी सांगितलं होतं. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, असं वर मलाच विचारते. सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला.

सोमवार, १७
काम थांबवलं. तरी नाव—
साहेब म्हणतात, घरात आणखी कोण आहे. आई आहे. तिला नाही आणणार. तिला नाही.

मंगळवार, १८
घरी जाऊन आले. आईने पाणी दिलं. बसा म्हणाली. मला अहोजाहो— माझी आई—
ताई तिथेच होती. भाजी निवडत. वर बघितलं नाही.
मी म्हटलं, आई, मी तुझी □□. तिला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हटलं, □□, तुझी □□. ती ताईकडे वळून म्हणाली, यांना ओळखतेस का तू. ताई नाही म्ह□□□ आई, मी □□□