पहिल्या माशाच्या शेपटीचा तुकडा

गुवाहाटी

प्रिय निजरा,

तू आता शाळेतल्या मुलांना तळ्याकाठी नेऊन मासे ओळखायला शिकवतेस, असं कळलं. ऐकून बरं वाटलं नाही. प्रयोगशाळा सोडूनही तू माझ्या पुढेच, असं वाटलं.

तुमच्या घरी मी पहिल्यांदा जेवले तो दिवस आठवतो? तुझ्या आईनं माशाचं आंबट कालवण केलं होतं. तुझ्या वडिलांनी, देउतांनी, बाजारच्या टोपलीतून दोन चेंगेली मासळ्या काढून माझ्यापुढे धरल्या. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. ते हसून म्हणाले, "माजोनी, पोरी, ही पावसात शेत ओलांडून जाते, ही चिखल सोडत नाही. एका जातीच्या कशा असतील? तुमच्या यंत्राला विचारून सांग." मी पाच वर्षं प्रयोगशाळेत त्या डीएनएच्या यंत्रापुढे बसले होते आणि तुला हे सगळं घरबसल्या मिळालं होतं. पुढे प्रयोगशाळेत सरही आधी तुलाच विचारू लागले.

मग तू घरून पाठवलेले चिखलातले पाच मासे बसनं बर्फात आले. आपला नेम तुला ठाऊक आहे. आधी शेपटीचा तुकडा स्पिरिटमध्ये, मगच मासा फॉर्मॅलिनमध्ये, नाहीतर डीएनए तुटतो. मी चार मासे तुकडा न काढताच फॉर्मॅलिनमध्ये टाकले आणि निजरानं तसेच पाठवले म्हणून सांगितलं. तू बर्फात पाठवल्याचं सांगत राहिलीस, कुणी ऐकलं नाही. "मासेवाल्याच्या मुलीला मासा राखता येत नाही?" असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. महिन्याभरात तू सामान बांधलंस. स्टेशनवर पोचवायला मीच आले होते.

पहिल्या माशाच्या शेपटीचा तुकडा मात्र सवयीनं आधीच कापला गेला होता. ती कुपी मी लपवली, पण फेकवली नाही. गेल्या आठवड्यात तपासली. देउता बरोबर होते, ती जात वेगळीच आहे. कुपीवर अक्षर माझं, म्हणून सरांनी शोधही माझाच ठरवला. उद्या लेख पाठवायचा आहे. नवी जात लेखात जो मांडतो तोच तिचं नाव ठेवतो. मी नावही ठरवलं होतं.

म्हणून हे पत्र. याची प्रत सकाळीच सरांच्या टेबलावर ठेवली आहे, आता मला माघार घेता येणार नाही. कुपीवर तुझं नाव लिहिलं आहे. नवे मासे घेऊन ये, लेख तूच लिही. नाव देउतांचंच ठेवशील, ठाऊक आहे. माझ्यापुढे दोन मासे धरून फरक विचारणारं माझ्या घरी कुणी नव्हतं. तो हेवा अजूनही गेलेला नाही.

तुझीच, तुला चालत असेल तर,
रुनुमी