तुळशीने घेतलेल्या गोळ्या

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. आजपासून बीपीची गोळी बंद. पहिली गोष्ट घरात कळली तरी चालेल, दुसरी नको.

हा विचार अचानक आलेला नाही. क्षितिजा, म्हणजे आमची मुलगी, बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती कॉलेजला गेली की तिचं जाडं पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचतोय. गावच्या शाळेत गुरुजी इंग्रजीच्या तासाला आमच्याकडून बाग शिंपून घेत. त्यामुळे इंग्रजी कच्चं, झाडं पक्की. पुस्तकात पुदिन्याच्या कुळाचं एक प्रकरण आहे. तुळस, पुदिना, सब्जा, पानओवा, सगळी एकाच घरची. ओळख सोपी. देठ चिमटीत धरून फिरवायचा. चौकोनी लागला तर या घरचा असू शकतो, गोल लागला तर नाही.

तुळशीत युजेनॉल असतं, लवंगेत असतं तेच. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात असं लिहिलंय. ‘उंदरांमध्ये’ असंही लिहिलंय, पण देवाने जीव सगळे सारखेच केलेत.

कार्यक्रम: रोज अनशापोटी तुळशीची अकरा पानं. दुपारी पुदिन्याचं पाणी. तीन महिन्यांनी डॉक्टरांना नॉर्मल बीपी दाखवून थक्क करणे.

३ ऑक्टोबर. सकाळी
एकादशी. एकादशीला तुळस तोडत नाहीत. विसरलोच होतो. पुदिन्यावर भागवलं.

गोळीचं काय करायचं हा प्रश्न. बायको, मृणालिनी, नाश्त्याच्या ताटलीत रोज गोळी काढून ठेवते. कचऱ्यात टाकावी तर ओला-सुका वेगळा करताना तिला दिसणार. कालची शर्टाच्या खिशात राहिली. संडासात टाकवत नाही, औषधाला गंगाजळ मानावं अशी आईची शिकवण. शेवटी बाल्कनीत तुळशीला पाणी घालताना कुंडीत बोटाने खळगा केला आणि दोन्ही गोळ्या आत ठेवल्या. नमस्कार केला. औषध देवाच्या पायाशी गेलं. यात वाईट काही नाही.

मृणालिनीने स्वयंपाकघरातून विचारलं, अहो, गोळी? मी म्हटलं, झाली. हे खोटं नाही. गोळीचं व्हायचं ते झालंच होतं.

५ ऑक्टोबर, रविवार
काल द्वादशी, तोडत नाहीत. आज रविवार, तोडत नाहीत. चार दिवसांत उपचार एक दिवस. उद्यापासून बावीस पानं. मागची भरपाई.

९ ऑक्टोबर. गोदामात, जेवणाच्या सुट्टीत
कानात ठोके ऐकू येतात. युजेनॉल लागू पडतंय. हमालांचा मुकादम विठू म्हणाला, साहेब, तोंड लाल झालंय. म्हटलं, तजेला आहे. तो म्हणाला, डोळ्यात बी तजेला आलाय.

डोकं जड आहे. काशीमीऱ्याच्या या गोदामात ट्रकच्या हॉर्नखाली कुणाचं जड होणार नाही?

मृणालिनीने सकाळी विचारलं, गोळी? मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे. तरी दिवसभर मन खात राहिलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
तुळशीविना दिवस. पण देवाला काळजी. शेजारच्या आशाबेन बरणी घेऊन आल्या. म्हणाल्या, बबनभाई, टेस्ट करो ने, गरमरनु अथाणु छे. गरमर म्हणजे काय विचारलं तर म्हणाल्या, मूळ असतं, आमच्याकडे लोणचं घालतात. त्यांच्या गॅलरीत त्याचं झाड होतं, जाऊन पाहिलं. देठ चिमटीत फिरवला. चौकोनी!

घरी येऊन पुस्तक काढलं. त्याच कुळातलं. मुळात फोर्सकोलिन, रक्तदाब उतरवतं. शेजारी औषध होतं आणि मी दहा वर्षं फक्त केम छो म्हणत राहिलो.

जेवताना आठ तुकडे. फार खारट आहे. पण मी मूळ खातोय. मीठ सोबत येतं, त्याला काय करणार.

१६ ऑक्टोबर
तुळस विरळ दिसायला लागली. मृणालिनीने आधी कबुतरांवर संशय घेतला, जाळी लावली. जाळीच्या आतही पानं कमी होतायत म्हटल्यावर कबुतरं सुटली. संध्याकाळी म्हणाली, तुळस घरातल्या माणसावर येणारं स्वतःवर घेते, माझी आजी सांगायची. तुमचा चेहरा मला बरा दिसत नाही. डॉक्टरांकडे जाऊन या ना एकदा. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे.

मग ती कुंडीसमोर हात जोडून उभी राहिली आणि तिला पालवी फुटेपर्यंत गोड सोडलं. चार दिवसांवर दिवाळी. या बाईला बेसनाचा लाडू म्हणजे जीव की प्राण.

आज सांगून टाकायला हवं होतं. पण उद्या एकादशी आणि वसुबारस एकत्र. सणाला घरात अशांतता नको.

ठराव: बावीसवरून पुन्हा अकरा पानं.

२२ ऑक्टोबर, पाडवा
मृणालिनीने ओवाळलं. स्वतः केलेल्या लाडवाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि आपण चकली घेतली. वास घेतला फक्त, मी पाहिलं. क्षितिजा म्हणाली, आई, एक खा, तुळस काय सीसीटीव्ही लावून बसलीय का? ती म्हणाली, ती नाही बघत, मी बघते ना.

मला लाडू गिळेना. तरी तीन खाल्ले, तिला वाईट वाटू नये म्हणून.

संध्याकाळी सांगायचं ठरवून तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. तिने हातात नारळ दिला, खवा म्हणाली. खवला.

२७ ऑक्टोबर. सकाळी ६.१०
तुळशीला सात पानं उरलीत. ही तोडणार नाही, तोडली तर मी माणूस नव्हे. गरमर मात्र दोन्ही वेळा. आशाबेननी दुसरी बरणी दिली. म्हणाल्या, बबनभाई, पहला मराठी देखा जो इतना गरमर खाता है.

सकाळी ६.४०: पाच उरलीत.

आजची गोळीही कुंडीतच. देवापुढे रोज चोरी करतो आणि वर हात जोडतो. देव समजून घेईल. मृणालिनीचं सांगता येत नाही.

३० ऑक्टोबर
गोदामात जिन्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. विठूने धरलं. म्हणाला, साहेब, घरी फोन करू का? नको म्हटलं. डिझेलचा धूर.

पक्का ठराव. परवा कार्तिकी एकादशी. त्या पवित्र दिवशी मृणालिनीला सगळं सांगणार. वाक्यं पाठ केली आहेत.

३१ ऑक्टोबर. दुपारी
डोकं ठणकत होतं म्हणून रजा घेतली. तुळशीच्या लग्नासाठी कुंडी सजवायची म्हणून मृणालिनीने माती उकरली. लग्नाआधी नवी माती आणि गेरू, ही तिची दरवर्षीची पद्धत. मला हे वीस वर्षं माहीत आहे. एकदाही आठवलं नाही.

आधी तिला किड्याची अंडी वाटली. क्षितिजाला हाक मारली. खालच्या गोळ्यांचा चुना झाला होता, वरच्या शाबूत होत्या. क्षितिजाने एक धुऊन तळहातावर घेतली, तिच्यावरची अक्षरं वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, आई, तुळशीचं बीपी एकदम नॉर्मल असणार.

मृणालिनी हसली नाही. मातीचे हात तसेच. म्हणाली, अहो, तुळशीचं पान माणसाच्या तोंडात शेवटी ठेवतात. तुम्हाला एवढी घाई कसली होती?

पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

क्षितिजाने मशीन लावलं. १८४ वर ११२. पुन्हा लावलं. १८८. रिक्षा करून डॉक्टरांकडे. वाटेत मृणालिनीने माझं मनगट सोडलं नाही. मी डॉक्टरांना फोर्सकोलिनबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हे मूळ कशात मुरवतात? मिठात, मी म्हटलं. त्यांनी लिहायला घेतलं. आता दोन गोळ्या.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
तुळशीचं लग्न लागलं. क्षितिजा नवं रोप आणते म्हणत होती. मृणालिनी म्हणाली, बोडकी असली तरी आपलीच आहे. काडीला हिरव्या बांगड्या घातल्या, ऊस उभा केला. अंतरपाट मी धरला. आशाबेन टाळ्या वाजवत होत्या. त्यांना अजून काही माहीत नाही. तिसरी बरणी दारात ठेवून गेल्या.

लग्नाचा प्रसाद म्हणून शिरा. मृणालिनीने सगळ्यांना वाढला. स्वतः नाही. मी म्हटलं, आता कारण कळलंय ना, मग नवस कशाला? ती म्हणाली, नवस तुळशीशी बोलले, तुमच्याशी नाही. मग मीच सोडतो गोड, म्हटलं. तर म्हणाली, तुम्ही काही सोडू नका. मागच्या वेळी सोडलंत ते पुरे.

क्षितिजाला कॉलेजात एका रुग्णाची माहिती सादर करायची आहे. तिची वही उघडी होती. ‘पुरुष, ४९. पुदिना कुळातील वनस्पतींचे ज्ञान: उत्तम. सहकार्य: शून्य.’

१४ नोव्हेंबर. सकाळी ७.०५
कुंडीत काडीला लागून हिरवा कोंब! मातीतून वर आलाय, बोटभर. गेले नऊ दिवस रोज हात जोडून बघत होतो. देव क्षमाशील आहे. फडताळातून लाडवाचा डबा काढला, दिवाळीचे दोन उरले होते. ताटलीत ठेवून दोघींना बाल्कनीत बोलावलं.

मृणालिनी वाकून बघत राहिली. तिचा चेहरा महिन्याभराने असा खुललेला पाहिला. क्षितिजा खाली बसली. तिने कोंब चिमटीत धरला आणि हलकेच फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा, तुम्हीच सांगा.

मी फिरवला. गोल.

गवत आहे.

मृणालिनीने लाडू परत डब्यात ठेवले, झाकण लावलं. मग तांब्या घेतला आणि त्या गवताला पाणी घातलं. काडीलाही घातलं. आत जाऊन ताटलीत दोन गोळ्या आणल्या.

तिच्यासमोर घेतल्या. मग तिने जीभ वर करायला सांगितली.