आठ इंचांचा पीळ

प्रिय मारित,

हे पत्र घरी न पाठवता बिलिंग्जला, तू नोकरी करतेस त्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तू एकटी असताना ते वाचावंस असं वाटतं. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. शाळेच्या बसमध्ये तू माझ्या वहीतल्या चुकांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढायचीस. मला शाळा सोडून सात वर्षं झाली, तरी ती धास्ती अजून गेलेली नाही.

आधी तुमच्याकडची खबर. मेंढ्या वेळेवर व्यायला लागल्या, पण थंडी हटत नाही. सकाळी पारा शून्याच्या बराच खाली असतो. कोयोटांनी आतापर्यंत एकोणीस कोकरं नेली. हाल्वर काका रात्रंदिवस गोठ्यात असतात, आणि तुझा ग्रेडी उजाडायच्या आधीपासून टेकडीवर बंदूक घेऊन पडून राहतो. तू विणलेले हिरवे हातमोजे घालून. कालपर्यंत त्याची एकही गोळी लागली नव्हती. आमच्या बंदुकांच्या दुकानात सगळे हसायचे. ओर्व्हिल मालक म्हणाला, "कोयोट आता त्याला ओळखतात रे, येता-जाता शेपूट हलवतात." हाल्वर काकांनी तर सगळ्यांसमोर सुनावलं, "पोरीनं जावई नाही आणला, कोयोटांना जेवायला वाढणारा आणला." मीही हसलो. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच वेळ.

गेल्या जुलैत तू दुकानात आलीस तो दिवस आठवतो का? मला वाटलं, मला भेटायला आलीस. तू काउंटरवर ग्रेडीची बंदूक ठेवलीस आणि म्हणालीस, "एल्डन, याची नळी पार झिजलीय. नवी तू निवड. शहरातला आहे बिचारा, बाबांसमोर त्याला मान वर करून उभं राहायचंय. चारशे यार्डांवरचा कोयोट पडला पाहिजे. तुझ्यासारखा चिकाटीचा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही." मी तीन दिवस घेतले. फार जाड नळी नको, ती टेबलावर टेकून दिवसभर बिळांतले प्रेअरी डॉग मारणाऱ्यांसाठी, कारण ती तापत नाही. फार बारीकही नको, चार गोळ्यांत तापून भरकटते. टेकड्या चढणाऱ्याला मधली हवी, चोवीस इंच, न गंजणाऱ्या पोलादाची. हे सगळं मी अगदी बरोबर निवडलं. पीळ तेवढा राहिला होता.

नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यांनी गोळी फिरते आणि सरळ जाते, हे तुला ठाऊक आहे. इथल्या वाऱ्यात लांब, जड गोळीच टिकते, आणि तिला घट्ट पीळ लागतो, आठ इंचांत एक फेरा. माझ्या स्वतःच्या नळीला तोच आहे. तिच्यासाठी मी दोन हिवाळे ओर्व्हिलकडे जादा काम केलं. ग्रेडीसाठी मी बारा इंचांचा, सैल पीळ मागवला. बारा इंचांची गंमत अशी की उन्हाळ्यात तो जेमतेम चालतो. हवा विरळ असते, गोळी कशीबशी सरळ जाते. ऑगस्टमध्ये ग्रेडीने कागदावर तीन भोकं एका नाण्याखाली झाकतील इतकी जवळ पाडली. तू टाळ्या वाजवल्यास आणि माझा दंड दाबून म्हणालीस, "बघ, म्हणून तुला विचारलं!" थंडीत हवा दाट झाली की तीच गोळी डगमगायला लागते, हे मला तेव्हाही माहीत होतं. मागवताना मी स्वतःला सांगितलं की बारा इंचांची लगेच मिळते, आठची उशिरा येईल. ते खरंही होतं. पण दुकानाच्या काचेतून तू गाडीत त्याच्या टोपीवरची धूळ झटकताना दिसलीस, आणि तेव्हा मी कागदावर बारा लिहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी हाल्वर काकांनी मला बोलावलं. मी एका गोळीत कोयोट पाडला. त्यांनी तो रस्त्याकडच्या कुंपणाच्या खांबावर टांगला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्यासारखा एक घरात असता तर!" त्या दिवशी जेवायला मला तुझ्या खुर्चीवर बसवलं. ग्रेडी समोर बसून बटाटे सोलत होता. मला फार बरं वाटलं, मारित. तुझ्यापासून ते लपवत नाही.

मागच्या मंगळवारी ग्रेडी दुकानात आला. त्याने सराव केलेला कागद पुढे ठेवला. भोकं गोल नव्हती, लांबट होती. गोळी तिरकी शिरली की तशी पडतात. तो म्हणाला, "कागद ओला असेल. पण खोट माझ्यातच आहे, एल्डन. मी सकाळी श्वास मोजतो, बोट मोजून दाबतो, तरी गोळी सरळ जात नाही. तू निवडलेली नळी आहे, तिला कसा दोष देऊ?" मग त्याने तुझ्या नावाचं पाकीट काढलं आणि म्हणाला, "हे टपालात टाक. कोकरांचं काम संपलं की मी मिनिआपोलिसला परत जातोय. जूनमधलं लग्न-बिन काही नाही आता. तिच्या बापाच्या दारात हसं होऊन मी राहू शकत नाही, आणि तिला इथून तोडू शकत नाही." टपालाची पेटी माझ्यापासून चार पावलांवर होती. मी मान डोलावली. पुढचे दोन दिवस मी कामात शीळ घालत होतो.

तिसऱ्या दिवशी तो लांबट भोकांचा कागद पुन्हा बघितला. शनिवारी "बंदूक साफ करून देतो" म्हणून ती त्याच्याकडून मागून घेतली, माझ्या बंदुकीची नळी काढून तिला बसवली आणि त्याची बारा इंचांची माझ्या बंदुकीला. त्याला काही सांगितलं नाही. काल सकाळी, कडक थंडीत, त्याने साडेतीनशे यार्डांवर कोयोट पाडला. हाल्वर काकांनी तो माझ्या कोयोटशेजारच्या खांबावर टांगला. त्याचा माझ्यापेक्षा दोन बोटं लांब आहे. मी मोजला. संध्याकाळी ग्रेडी धावत आला आणि विचारलं, "ते पाकीट गेलं का रे?" मी म्हणालो, गेलं. त्याचं तोंड उतरलं.

पण ते गेलेलं नव्हतं, ते माझ्या खिशात होतं. त्याला परत दिलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. जूनमध्ये मी तुमच्या लग्नात चांगला शर्ट घालून केक खाल्ला असता, आणि तू मला जन्मभर भरवशाचा माणूस म्हणाली असतीस. नेमकं तेच मला सोसणार नाही. त्याचं पाकीट याच पत्राबरोबर आहे, मी ते उघडलेलं नाही. ते फोडण्याआधी त्याला फोन कर आणि नळीचं खरं काय ते तू सांग, माझ्याकडून होणार नाही. तो भला माणूस आहे. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शाळेपासून तुला लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीखाली मी एक शब्द लिहून खोडत आलो. आज तो खोडत नाही.

तुझाच,
एल्डन