स्वयंपाकखोलीतील आईचा फोटो उतरविण्याबाबत

प्रति,
मा. बाल विकास प्रकल्प अधिकारी,
प्रकल्प कार्यालय, केज, जि. बीड

विषय : मौजे पांढरवस्ती येथील अंगणवाडीच्या स्वयंपाकखोलीतून मयत भिवराबाई यांचा फोटो सोमवारपूर्वी उतरविण्याबाबत.

संदर्भ : आहार वाढण्याच्या अर्धा तास आधी चव घेण्याबाबतची आपली सूचना.

महोदय,

१. अर्जदार अंजना ही भिवराबाईंची एकुलती मुलगी. अंगणवाडीची खिचडी शिजवणाऱ्या महिला बचत गटाच्या भिवराबाई अध्यक्षा होत्या. टँकरने विहिरीत सोडलेले पाणी शेंदताना तोल जाऊन त्या गेल्या महिन्यात वारल्या. त्याबद्दल अर्जदाराची कोणाविरुद्ध तक्रार नाही.

२. खिचडीचा पहिला घास भिवराबाई स्वतः खात आणि पातेल्याजवळ बसून राहत. गटाला हे रुचत नसे. "लेकरं म्हंजी देव. देवाच्या आधी चाखती, खादाड कुठली!" असे मनकर्णाबाई तोंडावर म्हणत. "देवाला जुलाब होत न्हाईत बाई, लेकरांना व्हत्यात," एवढेच भिवराबाईंचे उत्तर. एकदा डाळ कडवट लागली, तर त्यांनी अख्खे पातेले उकिरड्यावर ओतले होते.

३. त्या गेल्यावर गटाने प्रेमापोटी त्यांचा फोटो चुलीवरच्या भिंतीला लावला. आता पहिले ताट फोटोपुढे ठेवतात. नैवेद्य चाखू नये, म्हणून कोणीच चाखत नाही. मनकर्णाबाई आता अध्यक्षा आहेत आणि फोटोपुढे रडतात. त्यांचे रडणे खरे आहे.

४. मंगळवारी नवीन पोत्यातली डाळ शिजवली. लेकरे जेवल्यावर फोटोपुढचे ताट बाहेर ओतले, ते खाऊन दोन कोंबड्या मेल्या. संध्याकाळी लेकरांना उलट्या झाल्या. त्यांचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले, दुष्काळात दिवसाचे हेच एक पोटभर जेवण. गटाने बैठक घेऊन ठरवले की भिवराबाई रागावल्या आहेत. बुधवारपासून फोटोपुढे दोन ताटे ठेवतात. डाळ त्याच पोत्यातली शिजते; ते आता संपत आले. त्याच गाडीतून आलेले दुसरे सोमवारी फोडणार आहेत.

५. अर्जदाराने चव घेण्याची तयारी दाखवली. "तू लेक हायेस, आईच्या ताटात हात घालशील?" असे गटाकडून विचारण्यात आले.

तरी फोटो उतरवून पोत्यांना सील करावे, ही विनंती. आदेश न पोहोचल्यास सोमवारी अर्जदार ते ताट उचलून खाईल. अर्ध्या तासाने ती स्वतःच्या पायांनी उठली, तरच लेकरांना वाढावे, असे तिने मदतनीस साखराबाईंना सांगून ठेवले आहे.

सोमवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,

अंजना उत्तरेश्वर गायके
मौजे पांढरवस्ती, दि. २० फेब्रुवारी २०१६

सोबत : मंगळवारच्या खिचडीचा नमुना, स्टीलच्या डबीत. डबी आईची आहे. तपासणीनंतर परत मिळावी.