दुपारच्या नळाची पाहणी

सोलापूर,
वैशाख वद्य ४, शके १८५०, मंगळवार

तीर्थस्वरूप चिंतामणरावांच्या चरणी वेणीमाधवाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग असं लिहिलं खरं, पण काल दुसऱ्यांचे हंडे उचलून कमरेत उसण भरली आहे, तेव्हा निम्मीच अंगं जमिनीला टेकली असं समजावं. राहिलेली भेटीत टेकवीन.) आपली प्रकृती, वहिनींचा दमा आणि बार्शीचा उन्हाळा, तिन्हींचं वर्तमान कळवावं. इकडे आपली बहीण गोदावरी बरी आहे, मी आहे, आणि आमची खाणावळ चालू आहे. यातलं शेवटचं शुक्रवारपर्यंत खरं धरावं. दोन वर्षं आपल्यात पत्र नाही. त्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे, मलाही आहे, म्हणून त्यावर शाई खर्च करत नाही.

आमच्या गल्लीत अकरा खाणावळी आहेत आणि नळ दिवसातून दोनदा येतो, सकाळी सहाला आणि दुपारी अकराला, एकेक तास. सकाळचं पाणी स्वयंपाकात आणि पिण्यात संपतं. दुपारच्या पाण्यावर ताटं घासायची, जेवणाऱ्यांचे हात धुवायचे आणि दुसरी पंगत बसवायची. आता म्युनिसिपालिटीच्या पाणी समितीच्या मनात असं आलं आहे की दुपारचा नळ बंद करून ते पाणी नव्या वस्तीकडे न्यावं. दुसरी पंगत गेली की माझे बत्तीस जेवणारे सोळा होतात, आणि सोळांवर माझी चूल पेटत नाही. चौदा वर्षं मी लोकांना वाढण्यापलीकडे काही केलेलं नाही. या वयात मला कारकुनीतसुद्धा कोणी घेणार नाही. मला भीती वाटते, हे फक्त आपल्याला सांगतो. गोदावरीला सांगितलेलं नाही. (तिला ते माझ्या आधी कळलं आहे.)

म्हणून आम्ही अकरा जणांनी खाणावळचालक संघ काढला. समोरच्या लिंगायत खाणावळीचे सिद्धलिंगप्पा अध्यक्ष झाले आणि अक्षर बरं म्हणून मी चिटणीस. पहिली अडचण सभेच्या जागेची. सगळ्यांचा धंदा लोकांना जेवू घालण्याचा, पण एकाच्या घरचं पाणी दुसऱ्याला चालत नाही. तेव्हा सभा तालमीच्या ओट्यावर, नुसत्या सुपारीवर. (पाहुणचारावर पोट भरणाऱ्या अकरा माणसांच्या सभेत चहासुद्धा मिळत नाही, हे बाहेर बोलू नये.) तिथे बसून मी तीन अर्ज लिहिले. दोन कुठे गेले ते म्युनिसिपालिटीलाच ठाऊक. तिसऱ्याला उत्तर आलं की सोमवारी सकाळी दहा वाजता समिती जातीने पाहणीला येईल. मग आम्ही ठराव केला, आणि तो एकमताने झाला, की सोमवारी कोणीही पाणी भरून ठेवायचं नाही. हंडे, घंगाळं, पिंपं, सगळं अंगणात पालथं घालायचं आणि समितीला डोळ्यांनी बघू द्यायचं. मी अकरा नकला केल्या. सिद्धलिंगप्पांनी प्रत्येकीवर सही केली आणि सही वाळेपर्यंत फुंकर घातली.

सोमवारी साडेनऊला मी सहज म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. परसात सात तांब्याचे हंडे, चिंचेने घासलेले, काठोकाठ भरलेले. पहाटेपासून गावाबाहेरच्या विहिरीवरून गाडीने पाणी आणवलं होतं. मी ठरावाची नक्कल पुढे केली. ते शांतपणे म्हणाले, "आवो चिटणीस, चार मोठी मानसं दारात येनार, आन् त्यास्नी पालथा हंडा दावू व्हय? तुमचं धा जनांचं रिकामं हाय की. ते बगत्याल." तिथून मी धावत निंगव्वाकडे गेलो. ही बाई गिरणीतल्या लोकांना भाकरी घालते आणि सभेत सर्वांत मोठ्याने ठरावाच्या बाजूने बोलली होती. तिचा रांजण ओसंडून वाहत होता. "माज्या एकलीचं भरलेलं आसलं तर काय बिगडतंय? बाकीच्यांचं हाय न्हवं रिकामं," असं ती म्हणाली आणि वर मलाच म्हणाली की चिटणिसाने असं घामेजून फिरू नये, बरं दिसत नाही. पुढच्या आठ घरांचं वेगळं काय सांगू? अकरापैकी दहांनी आपापल्या मनाशी हाच हिशेब केला होता. राहिलं ते एक माझं घर. गोदावरीला मी तीनदा बजावून निघालो होतो.

दहाच्या ठोक्याला समिती आली. अध्यक्ष रावसाहेब पागोटं सावरत पुढे, मागे दोन सभासद, त्यांच्या मागे वही घेतलेला कारकून. प्रत्येक दारात हंडे चमकत होते आणि प्रत्येक दारात कारकुनाची पेन्सिल चालत होती. हे पाणी विहिरीचं आहे असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पटकीच्या साथीपासून खाणावळीत विहिरीचं पाणी सापडलं तर परवाना जागच्या जागी रद्द होतो. रावसाहेबांनी सिद्धलिंगप्पांना विचारलंच, पाणी कुठलं? आमचे अध्यक्ष छाती काढून म्हणाले, "नळाचंच की. लई ग्वाड."

शेवटी माझं घर. मी दार ढकललं आणि देवाचं नाव घेतलं. गोदावरीने माझं अक्षरशः ऐकलं होतं. अंगणात सगळी भांडी पालथी, घंगाळ कोरडं, मोरी कोरडी. रावसाहेब थांबले. त्यांनी घंगाळात हात घालून पाहिला. कारकुनाने पुसायचं रबर काढलं, आणि चिंतामणराव, त्या क्षणी मला वाटलं की आम्ही वाचलो. ऊन रणरणत होतं. रावसाहेबांनी उपरण्याने कपाळ टिपलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, चिटणीस, घोटभर पाणी मिळेल का? मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. आठ दिवस मी ते आरशासमोर म्हणत होतो. सारी गल्ली दारात उभी होती. मी तोंड उघडलं, आणि आतून आवाज आला तो असा, "गार देऊ की साधं?"

गोदावरीने सोवळ्यातल्या माठातलं पाणी आणलं, वाळा घातलेलं. पाय धुवायला मात्र थेंब नाही हे बघून चिटणिसाच्या घरची अब्रू जाते आहे असं गल्लीला वाटलं असावं. सिद्धलिंगप्पांनी पायांवर घ्यायला दोन हंडे आणून माझ्या ओट्याला लावले, निंगव्वाने एक, मागून आणखी चार. (परत पोचवताना उसण भरली ती हीच.) रावसाहेबांनी पाय धुतले, तोंड धुतलं, पाहुणचाराची तारीफ केली. कारकुनाने जाताना शेरा वाचून दाखवला: खाणावळींत पाणी मुबलक, दुपारचा नळ बंद केल्यास गैरसोय नाही. शुक्रवारच्या सभेत तो कायम व्हायचा आहे. त्याआधी एखाद्या जेवून गेलेल्या माणसाने समितीपुढे येऊन गैरसोय झाल्याचं सांगितलं, तरच विषय पुन्हा निघेल. मी माझ्या बत्तिसांनाही विचारून पाहिलं. सगळे म्हणाले, ज्या घरचं खाल्लं त्या घराला नावं ठेवू होय? गल्लीतली हवाच तशी आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
वेणीमाधव

ता. क. पत्राचं कारण असं. दोन वर्षांमागे मार्गशीर्षात आपण आमच्याकडे जेवलात, हात धुवायला पाणी नव्हतं, आणि आपण पंच्याला हात पुसून गाडी गाठलीत, असं आपण बार्शीभर सांगितलंत. (मला चौघांकडून कळलं. चौथ्याच्या सांगण्यात ताकही पातळ झालं होतं.) मी रागाने ते खोटं असल्याचं लिहिलं होतं. ते खरं होतं. त्या दिवशी दुपारचा नळ आला नव्हता आणि मला आपल्यासमोर उभं राहायची लाज वाटली होती. आता हात जोडून मागणं की गुरुवारी कुर्डुवाडीला गाडी बदलून यावं आणि शुक्रवारी समितीपुढे तेच सांगावं, त्याच तिखटमिठाने. ताकाचं वगळलं तरी चालेल.

पुन्हा ता. क. गोदावरीने पत्र वाचलं. तिच्या घरात पाणी नव्हतं हे तिच्या भावाने चारचौघांत सांगू नये, समोरच्या खाणावळीत जेवलो म्हणावं, असं तिचं म्हणणं पडलं. सिद्धलिंगप्पांना विचारलं. त्यांनी माझ्यासमोर सातही हंडे पुन्हा घासायला काढले. तेव्हा आमचंच नाव घ्यावं. गोदावरी कशीबशी तयार झाली आहे, पण दादा दोन वर्षांनी येतो तर त्याला या घरात काही कमी पडणार नाही, एवढं तिने मला बजावलं आहे. आज दुपारच्या नळाचं सगळं पाणी तिने दादाच्या आंघोळीसाठी भरून ठेवलं. ताटं तशीच आहेत आणि दुसरी पंगत बसली नाही. आंघोळ आपल्याला करावी लागेल, ती ऐकायची नाही. फक्त समितीपुढे जाताना डोकं नीट कोरडं करून जावं.